दुधात औषध, रिपोर्टात भेसळ

आमच्या केजच्या दूध-पाणी तपासायच्या लॅबमध्ये किस्से बेसिनमधल्या नळ्यांसारखे साचतात. संध्याकाळी धुवा, सकाळी परत तेवढेच! पुण्याहून आले तेव्हा मला लई उत्साह होता. आता नुसता चहा लागतो.

सगळ्याचं मूळ आमचे सर. तपासणीत हात एकदम पक्का. पण रिपोर्ट लिहिताना कंटॅमिनेटेड, पोल्युटेड, अडल्टरेटेड, जो शब्द आधी आठवेल तो ठोकून देतात. म्हणतात, "घाण ती घाण. तिला नावं कशाला ठेवायची?"

*

एक आजोबा नव्या बोअरचं पाणी घेऊन आले. बाटलीच्या तळाला हळद-कुंकू. पूजा केल्याशिवाय पहिलं पाणी बाहेर नेत न्हाईत म्हणे. सरांनी लिहिलं, पोल्युटेड. मी म्हटलं, सर, नको ती वस्तू आत आली, एवढंच. ते कंटॅमिनेटेड. पोल्युटेड म्हणजे त्यानं अपाय व्हायला लागला पाहिजे.

आजोबा माझ्याकडे बघतच राहिले. "कुंकवानं अपाय?"

मग मीच दुसरी बाटली आणायला सांगितली. आणली. तिच्यात तुळशीचं पान.

*

मांजरसुंब्याच्या एका ढाबेवाल्याला बोर्ड लावायचा होता, 'आमचे पाणी इन्फेक्टेड नाही'. मी फोनवर समजावलं की दादा, पाणी कंटॅमिनेटेड होतं, इन्फेक्शन माणसाला होतं. त्याला पटलं. आता बोर्ड आहे, 'आमचे गिऱ्हाईक इन्फेक्टेड नाही'.

मी परत फोन केला नाही. दमले.

*

मग युसूफ वडगावच्या भागामावशी आल्या. डेअरीनं त्यांचं दूध बंद केलेलं. आमच्याच रिपोर्टवर अडल्टरेटेड लिहिलेलं, आणि तिथल्या सेक्रेटरीनं भर रांगेत ओरडून सांगितलेलं की मावशी भेसळ करतात.

मी ते दूध परत तपासलं. पाणी नाही, पावडर नाही. म्हशीची कास सुजली होती, डॉक्टरनी इंजेक्शन दिलेलं, ते औषध दुधात उतरलेलं. तसलं दूध विकायला नकोच, पण घातलं कुणीच नव्हतं. अडल्टरेटेड म्हणजे तर मुद्दाम मिसळलेलं!

सर वरमले. शब्द बदलून देतो म्हणाले.

मावशी म्हणाल्या, "कागद ठिवा तुमच्यापाशी. रांगेला इंग्रजी येत न्हाई. तुमी चला."

*

म्हशीच्या अंगातलं औषध संपल्यावर आम्ही किट घेऊन डेअरीवर गेलो. संध्याकाळची रांग लागलेली. मावशींचं दूध सगळ्यांसमोर तपासलं. स्वच्छ.

सेक्रेटरी हळूच म्हणाला, "चुकलं मावशी."

"त्या दिवशी कसं बोलला होता? तसं बोला."

त्यानं घसा खाकरला आणि ओरडून सांगितलं, मावशीनं काही घातलं नव्हतं, म्हशीचं औषध दुधात उतरलं होतं.

सरांना एकदम जोर चढला. आलोच आहोत तर सगळ्यांचं बघू म्हणाले, कुणाचं आपोआप आलंय आणि कुणी घातलंय, वेगवेगळं लिहितो.

मागच्या एकानं किटली उचलली. त्याला घरी पाहुणे आल्याचं आठवलं. दुसऱ्याचं वासरू उपाशी होतं. तिसऱ्यानं काही सांगितलंच नाही. बघता बघता ओटा मोकळा.

मी किट आवरायला घेतलं, तर मावशी रिकामी किटली शेजारी ठेवून निवांत बसल्या.

"थांबा की. सेक्रेटरीच्या घरचं दूध यायचंय अजून."