बाईंनी सोडलेल्या जागा

सरांचं अक्षर लागणारी जगात दोनच माणसं होती. एक स्वतः सर आणि दुसऱ्या त्यांच्या टायपिस्ट बाई. त्यातही सर अधूनमधून बाईंनाच विचारायचे, "हे मी काय लिहिलंय हो?" एवढा नावाजलेला पटकथालेखक, पण अक्षर असं की औषधाच्या दुकानदारानंही हात टेकावेत.

बाई तेविसाव्या वर्षी त्यांच्याकडे लागल्या. नोकरीसाठी त्या दिवशी पाचजणी आल्या होत्या आणि सरांनी पाचही जणींना एकच पान टाइप करायला दिलं. चौघींनी अख्खं पान झोकात उतरवलं. जिथे लागलं नाही तिथे अंदाजपंचे काहीबाही ठोकून दिलं. बाईंच्या पानावर सात ठिकाणी कोरी जागा होती, बरोबर त्या त्या शब्दाएवढी.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"लागलं नाही, सर. माझ्या मनाचं कसं घालू?"

नोकरी बाईंना मिळाली, आणि तीच पुढे कामाची रीत झाली. लागलं नाही तिथे जागा सोडायची, सर ती पेन्सिलीनं भरायचे. सदतीस वर्षं असं चाललं. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, सोडलेल्या जागा कमी होत होत महिन्याला एखादीवर आल्या, पण बाईंनी पदरचा एक शब्द कधी घातला नाही. थिएटरात एखाद्या वाक्याला टाळी पडली की नवरा कोपरानं ढोसायचा, "हे तुझं ना गं?" "माझं कुठलं? मी फक्त टाइप केलं," बाई म्हणायच्या. नवऱ्याचं म्हणणं, तिकडे स्वतःचा स्वल्पविरामसुद्धा घालत नाही आणि घरी मला वाक्य पुरं करू देत नाही.

मागच्या वर्षी सरांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. मुलीनं मुळाक्षरांचा तक्ता करून पुढे धरला, तर बोट त्यावर नुसतं भटकत राहिलं. डॉक्टर म्हणाले, आता अक्षरं जुळणार नाहीत, आशा ठेवू नका.

आणि नेमकं याच वर्षी चित्रपट महोत्सवानं सरांचा जीवनगौरव करायचं ठरवलं. ते ऐकल्यावर सरांनी खुणेनं कागद मागितला आणि चार दिवस खपून डाव्या हातानं तीन पानं लिहिली. मुलगी पानं घेऊन बाईंकडे आली. "मावशी, बाबांचं भाषण. तुम्ही टाइप करा, मी वाचते."

बाईंनी पानं खिडकीच्या उजेडात धरली, भिंग लावलं, उलटीसुद्धा करून पाहिली. पहिल्या ओळीत एक 'मी' होता. दुसऱ्या पानावर 'नाही' असावं. शेवटी एक शब्द होता, त्याखाली दोन रेघा मारलेल्या. बाकी सगळं लोकरीच्या गुंत्यासारखं. त्या उठून सरांकडे गेल्या.

"सर, हे आभार आहेत?"

मान नकारार्थी हलली.

"पहिल्या चित्रपटाविषयी? वहिनींविषयी?"

नाही.

"कुणाची माफी मागायची आहे का?"

सरांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि मान डोलावली. कितीतरी वेळ डोलावत राहिले.

"कुणाची, सर?"

सरांनी दोन रेघांच्या त्या शब्दावर बोट ठेवलं.

बाईंनी आठवतील तेवढी माणसं मोजली. दिग्दर्शक, नट, भाऊ, जुने मित्र. प्रत्येक नावाला मान नाहीच म्हणत राहिली. शेवटी सरांनी बोट कागदावर इतकं दाबलं की कागद फाटला. बाईंना रडू आलं. सदतीस वर्षं ज्या एका गोष्टीसाठी त्या इथे होत्या, तीच त्यांना जमत नव्हती.

टाइप केलेली तीन पानं त्यांनी मुलीच्या हातात दिली. त्यात दोन शब्द होते, बाकी कोरं.

"मावशी, हे मी काय वाचू? भरा ना काहीतरी. बाबांची भाषा तुम्हाला पाठ आहे."

"नाही गं. त्यांना कुणाची तरी माफी मागायची आहे."

"कुणाची?"

दोन दिवस बाई नाही म्हणत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी भाषण लिहिलं. लाज याची वाटली, की ते झरझर आलं.

समारंभाला सभागृह खच्चून भरलं होतं. मुलगी छान वाचत होती. प्रेक्षकांचे आभार, पत्नीची आठवण, एक हलका विनोद, सगळं अगदी सरांचं वाटावं असं. शेजारी चाकांच्या खुर्चीत सर पहिल्या वाक्यापासून मान हलवत होते. नाही, नाही, नाही. "पाहा, काय हा विनय," निवेदक म्हणाला आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. तिसऱ्या रांगेत बाईही उभ्या राहिल्या. ओरडून सांगावंसं वाटलं, पण सांगणार काय? खरं भाषण त्यांच्याकडे तरी कुठे होतं?

नंतर रंगमंचामागच्या खोलीत सरांनी कुणाच्या तरी हातातली पेन्सिल ओढून घेतली, निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर एक ओळ लिहिली आणि मुलीला ओलांडून ती बाईंपुढे धरली. अध्यक्ष, फोटोग्राफर, मुलगी, सगळे बाईंकडे पाहू लागले.

"काय म्हणतायत बाबा?"

बाईंनी ओळ दोनदा पाहिली. एकही अक्षर लागेना.

"दमलोय म्हणतायत," त्या म्हणाल्या. "घरी चला म्हणतायत."

सरांना ऐकू सगळं येत होतं. त्यांनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि पेन्सिल टेबलावर ठेवून दिली.