फौजेतली आमची गल्ली

वाठार फाट्यावर मुंबईची एसटी थांबली तेव्हा आईनं माझ्या सामानात चटणीची तिसरी पिशवी कोंबली, आणि आबांनी, माझ्या वडलांनी, ती शांतपणे बाहेर काढली. तिच्या जागी त्यांनी आमच्या घरातलं जुनं चित्रकथेचं पुस्तक सरकवलं. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मला इंग्लंडात लीड्सच्या एका हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली होती, आणि विमानात सामानाचं वजन करतात हे एव्हाना अख्ख्या पेठ वडगावला ठाऊक झालं होतं. आई चिडली. आबा म्हणाले, "चटणी सपंल. ह्ये सपायचं न्हाय."

मग त्यांनी कंडक्टरला सांगून मला खिडकीची जागा मिळवून दिली. त्यांचा स्वतःचा जन्म कंडक्टरकीत गेलेला, तेवढा हक्क ते बजावणारच. गाडी हलली तेव्हा ते रडले नाहीत. मी मात्र कऱ्हाड येईपर्यंत रडत होते.

पुस्तक होतं एका विसरभोळ्या राजाचं. त्याची फौज मोहिमेवर निघते आणि तोफा घरी विसरते, पण स्वयंपाकाची भांडी विसरत नाही. प्रधान खंदकात पडतो आणि तिथूनच हुकूम सोडत राहतो. आबांची ते वाचायची रीत मात्र जगावेगळी होती. राजा आणि प्रधान काय बोलतात ते भराभर वाचून टाकायचे, आणि मग बोट मागच्या रांगेवर ठेवायचे. घोड्याचा लगाम धरलाय तो बापूकाका. डोक्यावर भाकरीची पाटी घेतलीय ती हौसाआत्ती. तुतारी उलटी धरलीय तो रामूतात्या. सगळी आमच्या गल्लीतली माणसं, आणि आपण फौजेत भरती झालोय याचा त्यांना पत्ताही नव्हता.

ही नावं पुस्तकात कुठं आहेत, असं मी लहानपणी विचारलं होतं. आबा म्हणाले, "राजाचं नाव छापत्यात. लगाम धरणाऱ्याचं आपुन ठेवायचं." तेव्हा ती नुसती गंमत वाटली. आमच्या बौद्ध वस्तीतल्या माणसाला इतिहासाच्या चित्रात स्वतःला शोधायचं तर मागच्या रांगेतच बघावं लागतं, हे कळायला मला मोठं व्हावं लागलं. आबांनी त्यावर कधी भाषण दिलं नाही. ते आपले हसवत राहिले.

लीड्सला माझी मुलगी यशू झाली. ती नर्सरीत जायला लागली आणि घरात इंग्रजी शिरलं. शिफ्टवरून दमून आल्यावर मराठीचा आग्रह धरायला अंगात त्राण नसे. फोनवर आबा 'जयभीम बाळा' म्हणत, ही 'हॅलो' म्हणे, आणि लगेच फोन परत माझ्या हातात. तिला काय विचारावं ते त्यांना सुचत नसे, आणि ते काय विचारतात ते हिला कळत नसे. मला रात्रंदिवस एकच भीती होती. ही पोर उद्या माझ्या माहेरी जाईल ती पावणी म्हणूनच जाईल, चहा पिऊन उठेल, आणि आबांचं तिच्याशी काही नातंच उरणार नाही.

वाट आबांनीच काढली. कोल्हापूरला जाऊन त्यांनी त्याच पुस्तकाची आणखी एक प्रत मिळवली आणि मला म्हणाले, तिला पुस्तक उघडायला सांग. तेव्हापासून दर रविवारी फोन लागला की आमच्या सोफ्यावर एक प्रत आणि वडगावच्या कॉटवर दुसरी. माझ्याकडून शब्द घेत यशू म्हणायची, "पेज ट्वेल्व्ह, आबा, हा जाडा कोण?" आणि तिकडून नाव यायचं, त्याच्या खोड्या यायच्या, तो कुणाशी भांडलाय तेही यायचं. मराठी पाठोपाठ आपोआप आली. खंदकातला प्रधान बघून आम्ही तिघंही हसायचो. आबांना त्यात डेपोतला साहेब दिसायचा, मला त्याचं पडणं आवडायचं, आणि यशूला त्याच्याकडे बघणाऱ्या घोड्याचं तोंड.

यशू सात वर्षांची झाली तेव्हा आम्ही वडगावला गेलो. बापूकाका दारातच बसले होते. मी त्यांचं नाव सांगताच यशू थबकली, त्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "बापूकाका, घोडा कुठाय?"

मी ओशाळले. पोरीला हे सगळं खरंच वाटत होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बापूकाकांनी जन्मभर म्हशी राखलेल्या. त्यांनी एकदा आबांकडे पाहिलं, काय उमजलं कोण जाणे, आणि चेहरा न हलवता म्हणाले, "इकला की. लई खात हुता."

संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात जमली. जो तो पुस्तकात स्वतःला शोधत होता. हौसाआत्तीला पाटी पसंत पडली. रामूतात्या मात्र माझीच तुतारी उलटी का म्हणून आबांवर रुसले, आणि यशू त्यांची समजूत घालत होती, तीही वडगावच्या मराठीत. माझी भीती कधी निघून गेली, मला कळलंच नाही.

मग तिनं विचारलं, मम्मी कुठंय यात? मी उगाच हसले, कारण मला आबांनी कुठल्याच चित्रात कधी घेतलं नव्हतं. आबांनी शेवटचं पान काढलं. फौज घरी परतलेली, सगळे जेवायला बसलेले, आणि पंगतीत दोन माणसांच्या मधे थोडी मोकळी जागा. त्यांनी तिथं बोट ठेवलं.

"तू गेल्यावर ठरिवलं," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "ही जागा कुणाला द्यायची न्हाय."

ते चित्र मी लहानपणापासून पाहत आले होते. ती जागा मला कधी दिसली नव्हती. तिकडे इंग्लंडात आपल्याकडून गेलेली आम्ही माणसं भेटलो की घर नक्की कुठलं म्हणायचं यावर तासन् तास बोलतो. मी आता त्या वादात पडत नाही. आपल्यासाठी पंगतीत जिथं कुणीतरी जागा धरून ठेवलीय, माझं घर ते.

यशू बराच वेळ पानावर वाकून बघत होती. मग तिनं आजोबांना विचारलं, तिथं दोघी मावतील का?

"मावत्याल की," आबा म्हणाले. "जरा सरकून बसा म्हणावं त्यास्नी."