ढवळीला तांड्यावर सोडलं

मालेगावबाहेर वाशीमच्या रस्त्याला चंपत माळ्याचा मळा होता. तो वांगी, मिरच्या आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवायचा, बायको आवडाबाई आठवडी बाजारात विकायची. मूलबाळ नव्हतं. बांधावर सापडलेलं कुत्रीचं पांढरं पिल्लू आवडाबाईनं दुधात भाकर कुस्करून वाढवलं. तीच ढवळी. बाजारातही ती टोपलीला टेकून बसायची.

मानमोडीच्या तापाच्या साथीत आवडाबाई गेली. ढवळी तिच्या लुगड्याच्या गाठोड्यापाशी पडून राहू लागली. चंपतही बोलायला दुसरं कोणी नाही म्हणून तिच्याशीच बोलायचा.

पुढं नातेवाइकांनी मागं लागून त्याचा गोमतीबाईशी पाट लावला. बाई कष्टाळू, मायाळू. पण तिचा धाकटा भाऊ पिसाळलेलं कुत्रं चावून तिच्या डोळ्यांदेखत तडफडत मेला होता. ढवळी अंगणात आली तरी तिला कापरं भरायचं. दिवस गेल्यावर तर घास उतरेना.

"तिले मारा, असं मी नाई म्हणत," ती रडत म्हणाली. "पन डोळ्यासमोर नका ठेवू. मले माहा भाऊच दिसते."

चंपतनं ढवळीच्या गळ्यात दोरी बांधली. पोहरादेवीकडच्या बंजाऱ्यांच्या एका तांड्यावर किसनसिंग राहायचा. बैलांच्या व्यवहारातून दोघांची ओळख होती.

"राखन चांगली करते," चंपत दोरी त्याच्या हाती देत म्हणाला. "भाकर दुधात कुस्करून देजो, भाऊ. कोरडी खात नाई."

"भूक लागली का समदं खाईल. तू जाय."

ढवळीनं काहीच खाल्लं नाही. दोरी कुरतडून ती मळ्यात परत आली, तेव्हा तिचे पंजे फुटले होते. चंपतनं तिला पुन्हा नेऊन सोडलं. ती पुन्हा आली. या खेपेला गोमतीबाई घाबरून पळताना उंबऱ्यात पडली. पोटातलं मूल वाचलं, पण चंपत हादरला.

तिसऱ्यांदा जाताना त्यानं काठी घेतली. तांड्यावरून तो निघाला, तशी ढवळी मागं आली.

"जाय! माह्या मांगं येऊ नको!"

तिनं शेपूट हलवलं. चंपतनं पाठीत काठी घातली. ती पळाली नाही, त्याच्या पायाशी पोट टेकून पडली. त्यानं पुन्हा मारलं. काठी पायावर बसल्यावर मात्र ती केकाटली आणि लंगडत तांड्याकडं गेली. चंपत वाटेनं मोठ्यानं रडत घरी आला.

ढवळी परत आली नाही. गोमतीबाईला मुलगी झाली, रांगायला लागली. चंपत जेवायला बसला की भाकरीचा तुकडा बाजूला ठेवायचा, मग त्याच्याकडं बघत ताट तसंच सारायचा.

"घेऊन या तिले," एके दिवशी गोमतीबाई म्हणाली. "मी भेईन, पन राहीन. तुमाले असं पाहवत नाई मले."

चंपत तांड्यावर जवळजवळ धावतच गेला. ढवळी किसनसिंगच्या गाडीपाशी बसली होती.

"ढवळे!"

तिनं त्याला ओळखलं. शेपूट पोटाखाली गेलं, उभ्या जागी मूत सुटलं, आणि ती सरपटत गाडीखाली शिरली. चंपतनं दुधातली भाकर पुढं केली. त्याचा हात लांबला, तशी ती आणखी मागं दबली.

"आमच्यापाशी बी अशीच राह्यते," किसनसिंग म्हणाला. "कोनी सरपनाले लाकूड उचललं तरी दडून बसते. राखन करते, पन आंगाले हात लावू देत नाई. काहून अशी झाली, समजत नाई."

"मीच मारलं तिले," चंपत म्हणाला. "परत येऊ नये म्हनून."

किसनसिंगनं वाकून गाडीखाली पाहिलं. मग हळूच म्हणाला, "आता राहू दे इथंच. अजून एकडाव जागा नको बदलू तिची."

चंपतनं भाकर चाकाजवळ ठेवली आणि तो निघाला.

घरी गोमतीबाई मुलीला कडेवर घेऊन दारात उभी होती. अंगणाच्या कोपऱ्यात तिनं गोणपाट अंथरलं होतं, शेजारी पाण्याची परळ भरून ठेवली होती.

"नाई आली?"

"नाई."

तिनं मुलीला त्याच्याकडं दिलं, परळीतलं पाणी ओतून टाकलं आणि गोणपाटाची घडी घालू लागली.