चिखलीच्या लेथची जाळी

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात घरी आलं ते असं: देवाच्या दिव्याला तेल, बारा आणे. कापूरवडी, एक आणा. आणि चिखलीहून दिनूचं कार्ड, पाच नवे पैसे. कार्डात लिहिलं होतं, "हाताला थोडं लागलं आहे, काळजी नसावी." पण अक्षर दिनूचं नव्हतं. माझा हा धाकटा भाऊ तिथल्या तांत्रिक शाळेत लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चालवायला शिकवतो. कार्ड दुसऱ्याकडून लिहून घेतलं, म्हणजे लागलं ते उजव्या हाताला. यजमानांना विचारलं आणि निघाले.

आपल्या हस्तलिखित अंकाच्या वाचक बहिणींपैकी कुणाला खामगावाहून चिखलीला जायचं असेल तर सकाळचीच एस.टी. धरावी. तिकीट पावणेदोन रुपये. रस्ता खडीचा, पदर नाकाला लावूनच बसावं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, डोळे निवतात. वाटेत उंद्रीला मिळतो तो चहा नुसता गोड, तेव्हा घरचं पाणी बरं. तिथं वांग्यांची पाटी घेऊन एक बाई शेजारी बसली.

"एकल्याच कुठी चालल्या बाई?"

"भावाकडे. लागलंय त्याला."

तिनं चार वांगी माझ्या ओटीत टाकली. मी पैसे काढले तर रागावली. "पैसे काऊन काढता? भावासाठी हायेत ना!"

चिखलीला पोचले तर दिनूच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती. डॉक्टर म्हणाले होते, बोटं वाचली, हळूहळू वळतील. मी भाकरी कुस्करून घास पुढे केला.

"ताई, डावा हात हाये ना मले."

"गप. तोंड उघड."

जेवताना त्यानं सगळं सांगितलं. दसऱ्याला यंत्राची पूजा असते. फिरत्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी काढून लेथ धुतात, हार घालतात. पूजा करतात ते शाळेचे शिपाई सखाराममामा. सण झाल्यावर मामांनी जाळी लावू दिली नाही. "देवाले पिंजऱ्यात कोंडता काय?" म्हणाले. पुढे एक दिवस हाराचा दोरा पट्ट्यात गेला. तो काढायला दिनूनं हात घातला आणि बोटं ओढली गेली.

"आणि अजून जाळी नाही लावली?"

"मामाचं मन मोडवत नाही, ताई. त्यांनीच यंत्र बंद करून मले वाचवलं. पण सुट्टी संपून सोमवारी पोरं येतील. पट्टा उघडाच हाये."

रात्रभर मला ती सोळा-सतरा वर्षांची पोरंच दिसत राहिली.

रविवारी वर्कशॉपात गेले. मामांनी कुलूप काढलं. लेथवर वाळलेला हार तसाच. मी आधी नमस्कार केला, मग जाळीचं विचारलं. मामा मान खाली घालून म्हणाले, "त्या दिवसापासून झोप नाही बाई. देव कोपला म्हणून दिनूसरले लागलं. आता जाळी लावली तर आणखी कोपीन."

"मामा, देव पोरांच्या बोटांवर नाही कोपत." मग मी विचारलं, "तुमच्या गावच्या गाभाऱ्याला दार आहे?"

"हाय ना. रात्री लावतो आम्ही. देव झोपते."

"मग तो कोंडला जातो?"

 मामा म्हणाले, "वकिलीणबाई दिसता तुम्ही!" आणि कपाटामागून जाळी काढली. जुन्या धोतरात गुंडाळलेली, तेल लावून पुसलेली. एवढे दिवस ती जपतच होते. मी जाळीला हळदकुंकू वाहिलं, मामांनी पेच आवळले. हार उतरवून म्हणाले, "हार आता भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीले. यंत्राले फक्त कुंकू."

सोमवारी मी दारात उभी होते. उंद्रीचा एक विद्यार्थी हसला, "मामा, जाळीले बी कुंकू?"

"हाव बे! काढून पाह्य, मंग माह्याशी गाठ हाये!"

पट्टा जाळीच्या आत फिरू लागला. तेव्हाच मी गाडीकडे वळले.

घरी आल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही. आपण पत्रात विचारतो, जेवलास का, तेल लावतोस का. माणूस ज्या यंत्रापाशी दिवसभर उभा असतो, त्याची चौकशी कधी करतच नाही. तुमचे भाऊ, मुलगे, दीर अशा शाळांत असतील तर त्यांना विचारा, सणाला काढलेली जाळी परत बसली का? बसली नसेल तर कळवायला संकोच करू नका. सखाराममामा म्हणाले आहेत, एस.टी.चं भाडं मिळालं तर ते स्वतः येऊन समजावतील. मामांनी कुठे जायचं, तेवढं मला उलट टपाली कळवा.