झेंडू वाहिलेला डबा

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, लाजत नाही. गास गावात आमची भाजीची वाडी. वडील दुधी, वाल घेऊन बाजारात जातात आणि मी नालासोपाऱ्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब बघते. तेव्हा मी तात्पुरती होते. प्राचार्य सरांनी बजावलं होतं, "दसऱ्यानंतर लॅब नव्या सर्व्हरवर चालवून दाखवा, तुम्हाला कायम करतो. नाही जमलं तर कंपनीला कंत्राट."

काम ऐकायला सोपं. लॅबमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरला नेटवर्कवर एक पत्ता लागतो, नुसत्या आकड्यांचा. आधी हे पत्ते एक जुना राउटर वाटायचा, जेवणाच्या डब्याएवढा. आता ते नव्या सर्व्हरने वाटायचे. त्याला माउस नाही, चित्रं नाहीत. काळा पडदा, आणि आपण एकेक कमांड टाइप करायची. मी सगळं लिहिलं. कुठून कुठपर्यंतचे पत्ते द्यायचे, दिलेले कधी परत घ्यायचे. चालवून पाहिलं, चाललं. जुना राउटर बंद करून कपाटावर ठेवला आणि खंडेनवमीची रजा टाकली.

घरी त्या दिवशी पूजा असते. कोयते, कुदळी, पाण्याचा पंप, सगळ्यांना हळदकुंकू. पूजा झाली की पंप जरा वेळ चालवायचाच. पुजलेली वस्तू थंड ठेवत नाहीत. पंपाचं बटण दरवर्षी मी दाबते.

दसऱ्यानंतर लॅब उघडली तर प्रत्येक कॉम्प्युटरवर कुंकू आणि सुकलेला झेंडू. मी नसताना इथेही पूजा झाली होती. बरं वाटलं. सगळे चालू केले आणि बरं वाटायचं थांबलं. निम्म्यांवर इंटरनेट, निम्मे नुसते गोल फिरवत बसलेले. त्या बसलेल्यांचे पत्ते बघितले तर मी लिहिलेल्या यादीतले नव्हतेच.

सर्व्हरला विचारलं. चालू आहे, म्हणाला, हिरव्या अक्षरांत. फाईल तपासायची कमांड दिली, एकही चूक नाही. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, तर मघाशी चालणारा एक कॉम्प्युटर बसला आणि बसलेला एक उठला. नोंदी वाचल्या. कॉम्प्युटर पत्ता मागतोय, माझा सर्व्हर देतोय, आणि तो घेतच नाही.

"अरे देतेय ना तुला? घे की!"

"कोनाशी भांडतेस गं?" लॅब झाडणाऱ्या मावशींनी विचारलं.

"माझ्याशीच."

"मग जिंकशील."

सर दारात आले. "मॅडम, चालू आहे की बंद?"

"दोन्ही, सर."

"दोन्ही म्हणजे?"

मी चालू असलेले निम्मे आणि बसलेले निम्मे दाखवले. "दुपारी कंपनीला फोन लावतो," म्हणून ते गेले. मी फाईल पुसून परत लिहिली. अक्षर न् अक्षर तेच. तेच लिहून वेगळं काय होणार होतं, कोण जाणे. परीक्षेत या विषयात मला चांगले मार्क होते, ते कुणाला दिले होते असं वाटायला लागलं.

शेवटी सर्व्हरचा नाद सोडला आणि एका बसलेल्या कॉम्प्युटरलाच कमांड दिली, की तुला हा पत्ता दिला कोणी? उत्तर आलं, जुन्या राउटरने. तो तर बंद! मी मान वर करून कपाटाकडे पाहिलं. राउटरला झेंडूची माळ होती आणि माळेच्या आत दिवे लुकलुकत होते.

"मावशी, हा कोणी चालू केला?"

"मीच. पूजा केली ना त्याची. मग मशीन फिरवायला नको? बाकीची चालू केली, बंद केली. याला प्लग लावला, पन बंद करायचं बटनच नाय सापडलं. ती निळी वायर लोंबत होती, ती पन लावली."

म्हणजे त्या निळ्या वायरीतून राउटरही आपले जुने, आता निरुपयोगी पत्ते वाटत होता, आणि ज्याचा पत्ता आधी पोचेल तो कॉम्प्युटर घेत होता. त्याच दिवशी वाडीत पंपाचं बटण मीही दाबलं होतं. राउटरचा प्लग काढला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केले. एकामागून एक माझे पत्ते घेत सगळे उठले.

सर आले. "काय झालं होतं?"

"जुना राउटर चालू राहिला होता."

"कोणी केला चालू?"

मावशींचा झाडू थांबला.

"पूजेत, सर. पुजल्यावर चालू करावाच लागतो."

त्या पूजेचा नारळ सरांनीच फोडला होता. त्यांनी माळेकडे पाहिलं. "बरं," म्हणाले, "कायम केल्याचं पत्र उद्या घ्या."

राउटर कपाटात ठेवताना मावशींनी आधी माळ उतरवली, नमस्कार केला. निळी वायर मी माझ्या पिशवीत टाकली.

घरी आईने विचारलं, "काय केलंस म्हणून कायम करतायत?"

"प्लग काढला."

"तेवढ्यासाठी पंधरावी केलीस?"

मी समजावायला बसले. कोण पत्ता मागतं, कोण देतं, देऊनही का घेत नाहीत. अर्ध्यात माझाच गोंधळ झाला. वडील वाल निवडत होते.

"पत्र मिळतंय ना?"

"उद्या."

"मग राहू दे," ते म्हणाले, आणि वालाची टोपली माझ्याकडे सरकवली.