कवट्यांच्या टेबलाभोवती

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, कवट्यांचे एक टेबल आहे. देवाने हाडे जोडताना घाई केलेली नाही. विद्यार्थी नावे सांगताना करतात. म्हणून किस्से साचतात.

*

खंडेनवमीला आम्ही सूक्ष्मदर्शकांबरोबर कवट्यांचीही पूजा करतो. एका वर्षी पूजेनंतरच्या चाचणीत साऱ्या वर्गाने कपाळाचे हाड अचूक दाखवले. मला समाधान वाटले. पुढच्या तासाला कवटी धुऊन पुन्हा विचारले. बोटे कवटीभर नुसती फिरत राहिली! मग मागून तक्रार आली, "सर, कुंकू पुसल्यावर कसं ओळखावं?"

*

प्रशांतला बकरीची कवटी स्वच्छ करून आणायला सांगितली. घर माळकरी. त्याने ती आईच्या कुकरात उकळली!

दुसऱ्या दिवशी आई कुकर आणि प्रशांत, दोघांना घेऊन प्रयोगशाळेत हजर. "सर, हा कुकर आता तुमीच ठेवा. अन् याचं डोकंई ठेवून घ्या, घरी त्याचा काई उपेग नाई!"

कुकर ठेवून घेतला. हाडे आता त्यातच उकळतात.

*

वलगावची सुषमा भाजीवाल्यांच्या घरातली. तोंडातली टाळू जन्मतः दुभंगलेली. लहानपणी शिवली, तरी शब्द नाकातून येत. एका मुलाने नक्कल केली. त्याला मी वर्गाबाहेर काढले. दुसऱ्याच्या व्यंगावर हसणे हे पाप आहे. पण त्या दिवसापासून सुषमा वर्गात बोलेनाशी झाली.

तोंडी परीक्षेआधी तिचे बाबा आले. "सर, पोरगी खूप अभ्यास करून राहिली. तोंडीत गप रायली तर वर्ष जाईन तिचं. तिले लिहून देऊ द्या ना!"

"परीक्षा तोंडी आहे," मी म्हणालो. "तिला बोलावेच लागेल."

ते नमस्कार करून निघून गेले.

*

परीक्षक अकोल्याचे, आवाज करडा. सुषमा समोर उभी राहिली. दारात मुले गोळा झाली होती. परीक्षकांनी कोंबडीची कवटी उलटी धरली आणि टाळूतल्या फटीवर बोट ठेवले. "हे हाड कोणी तोडलं?"

सुषमाने दारातल्या मुलांकडे पाहिले. मी मनात देवाचे नाव घेतले.

"तोडलं नाई, सर." शब्द नाकातूनच आले, पण स्पष्ट. "पक्ष्याच्या टाळूले मधात फट रायतेच. माह्या टाळूलेई होती. ते शिवली, म्हणून तर तुमच्यासंग बोलून राहिली!"

परीक्षकांनी तिच्यापुढे खुर्ची सरकवली.

"बस. आता बकरीची सांग."