माझा थकवा खरा निघाला

मेंदूचा झटका येऊन गेला, वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, उजवा हात पुन्हा खडू धरायला लागला आणि लातूरच्या आमच्या गल्लीत मी बरी झाल्याचं जाहीर झालं. मी सोडून सगळ्यांना ते पटलं.

मी कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचे, आमचे हे तिथेच भौतिकशास्त्र. झटक्याआधी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका बॅचमधून दुसरीत उभीच असायचे. आता आंघोळ करून आले की केस पुसायलाही हात उचलत नसे. लसूण सोलताना चार पाकळ्यांत डोकं बंद पडायचं. झोपेने तो थकवा जात नव्हता, चहाने तर मुळीच नाही. अंगाला काही दुखत नव्हतं, म्हणून कुणाला दाखवायलाही काही नव्हतं.

सासूबाईंनी निदान लगेच केलं. त्या औशाच्या. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची जाऊ ढिगाऱ्यातून जिवंत निघाली आणि नंतर कित्येक दिवस ओसरीवर नुसती बसून राहिली. "धसका हाय ह्यो," त्या म्हणाल्या. "कामाला लावली तवा निघाला तिचा. हिलाबी लावा."

ह्यांना ते फारच पटलं, कारण लातुरात पोरगं कच्चं निघालं की एकच औषध देतात: सराव. पेपर सोडव, चुकलं की पुन्हा सोडव, रविवारी परीक्षा. शेकडो पोरं ह्यांनी अशीच तयार केली होती, आता बायकोला तयार करायला घेतलं. हॉलमध्ये फळा टांगला. रोज संध्याकाळी मी त्यावर शिकवायचं, हे सोफ्यावर बसून ऐकणार, आणि दर रविवारी वेळ थोडा वाढवायचा. कच्च्या मुलांच्या बॅचमध्ये माझी अशी भरती झाली. मीसुद्धा हट्टाने गेले. इतकी वर्षं आम्ही पोरांना दुसरं काय सांगत आलो होतो?

एका रविवारी हृदयाची आकृती काढताना डावा कप्पा अर्धा राहिला आणि मी खाली फरशीवर बसले. उभं राहणं जमेचना. हे म्हणाले, "असू दे. पुन्हा पहिल्यापासून." मी डस्टर फेकला. तो त्यांना लागला नाही, याचं तेव्हा वाईटच वाटलं. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "जरा मनावर घे गं."

ते मला लागलं. म्हणजे मी मनावर घेत नव्हते? त्या दिवसापासून मलाच शंका यायला लागली, की मी ढोंग करतेय का? हात चालतो, पाय चालतो, मग ही आळशी बाई कोण? शिकवणं कायमचं सुटेल याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती अशी, की आपण मुळात खोटारडे आहोत आणि घरात सगळ्यांना ते कळलंय.

लातुरात शिकवलेलं पोर मराठवाड्यातल्या कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात भेटतंच. आमची एक जुनी विद्यार्थिनी नांदेडला मेंदूची डॉक्टर झाली होती. तिच्याकडे गेलो. तिने माझं सगळं शांतपणे ऐकलं, मधे एकदाही "पण" म्हणाली नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड आधीच तपासून झालं होतं, त्यात काही नव्हतं. तिने पुन्हा रक्त घेतलं. रिपोर्ट आल्यावर बोलावलं.

"मॅडम, शरीरात कुठं दाह, म्हणजे आतली सूज, असली की रक्तात काही प्रथिनं वाढतात. तुमची वाढलेली आहेत. सर्दी-ताप, दुसरं काही इन्फेक्शन तर नाही ना, तेही मी बघितलं, तसं काही नाही. झटक्यानंतर असं थकणाऱ्या बऱ्याच जणांत ही खूण दिसते. सगळ्यांत नाही. थकवा यानंच आलाय असं छातीठोक सांगता येत नाही, अभ्यास अजून चालू हाय. पण हे रक्त अगदी चांगलं आलं असतं, तरी मी तेच सांगितलं असतं. तुमचा थकवा खरा हाय."

हे इतका वेळ पहिल्या बाकावरच्या पोरासारखे बसले होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे सराव कमी पडला न्हाई?"

"सर, जास्त झाला. दमल्यावर नाही, दमायच्या आधी बसायचं. आणि हळूहळू वाढवायचं, पण मॅडमच्या हिशोबानं."

मला हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं. आपल्या रक्तात काहीतरी बिघाड आहे हे ऐकून इतकी खूश झालेली बाई त्या दवाखान्यात दुसरी नसेल. एवढी वर्षं पोरांना रक्त शिकवलं, पण ते माझ्या बाजूने साक्ष देईल असं कधी वाटलं नव्हतं. बरी मी अजून झाले नव्हते. खोटी नव्हते, एवढंच कळलं होतं, आणि तेवढ्याने छाती मोकळी झाली.

परतताना एसटी अहमदपूरला थांबली. लोक चहाला उतरले. मी उठायला गेले आणि परत सीटवर टेकले.

"दमलीस?" ह्यांनी विचारलं.

एरवी या प्रश्नाला जोडून लगेच दुसरा यायचा: कशानं? मी त्याची वाट पाहत राहिले.

"हो," मी म्हणाले.

"बस मग," हे म्हणाले आणि चहा आणायला एकटेच खाली उतरले.